मागच्या खोलीचा फोटो

१

जाकादेवीच्या बाजारात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. कड्या, बिजागऱ्या, पाइप, पंप, रंग, वाळवीचं औषध. चार खिळे मागायला आलेला माणूस जाताना एखादा ब्रश तरी घेऊन जातो, अशी माझी कीर्ती आहे आणि ती खोटी नाही. शिक्षण म्हणाल तर दहावीला गणितानं दगा दिला. पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं.

दुकानाला जोडून माझा दुसरा एक धंदा आहे. बंद घरांची राखण. आमच्याकडे घरं इथं आणि माणसं मुंबईत, हे काही नवीन नाही. नव्या घराला मी कुलूप विकायचो, तेव्हा लोकच म्हणायचे, "शेठ, चावीपण तुमच्याकडेच राहू दे, अधूनमधून उघडून बघा." त्यातून हा धंदा उभा राहिला. महिन्यातून एकदा मी घर उघडतो, वारा खेळवतो, नळ सोडून बघतो, छपराखालची वाळवी बघतो आणि प्रत्येक खोलीचा एक फोटो काढतो. फोटोची जागा ठरलेली. दारात उभं राहायचं, उजवा खांदा चौकटीला टेकवायचा. म्हणजे मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा फोटो एकावर एक ठेवून बघता येतो.

मुंबईकर हे फोटो कसे बघतात ते तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. एकानं गोरेगावहून फोन केला, "शेठ, भिंतीवर अजून मार्चच आहे. पान उलटा की." घरात चिटपाखरू नाही, पण पान उलटल्याशिवाय त्याला जेवण गोड लागेना. मी स्कूटर काढून गेलो आणि उलटलं.

आधी मी फोटो फोनवरून एकेकाला पाठवत असे. एकदा गुरवांच्या संडासाचा फोटो पवारांच्या घरच्या ग्रुपवर गेला, तिथे साखरपुड्याची बोलणी चालू होती. त्यानंतर ठरवलं की व्यवस्था पाहिजे. व्हिडिओ बघून बघून शिकलो. लॅपटॉपवर घरागणिक एक फोल्डर, तसाच एक फोल्डर वर क्लाउडमध्ये, आणि काळ्या पडद्यावर टाइप करायची एक कमांड. बटणं नाहीत, चित्रं नाहीत, एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं. ओळीत तीन गोष्टी: काय करायचं, कुठून, कुठे.

या कमांडचा स्वभाव नीट सांगतो. ती नुसती पाठवत नाही, जुळवते. इथं जे आहे ते तिथं जातं. इथं जे बदललं ते तिथं बदलतं. आणि इथं जे नाही ते तिथून पुसून टाकते, विचारत नाही. म्हणून आधी मी रंगीत तालीम घेतो. तशी सोय त्यात आहे. काय काय होईल ते सांगते, पण करत काहीच नाही. मग खरी फेरी. फोटोंची नावं कायम तीच: पडवी, हॉल, स्वयंपाकघर, मागची खोली. नवा फोटो जुन्याच्या जागी बसतो. मुंबईकराला आजचं घर बघायचं असतं, जुन्याचा ढीग नको असतो.

२

मालगुंडच्या वरच्या अंगाला सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गमऱ्यांचं घर आहे. भिकू गमरे मुंबईला गोदीत होते, त्यांनी नोकरीतच बांधलं. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब, मोजक्या खोल्या. हॉलमध्ये बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली शिसवी टेबल. स्लॅबचं सिमेंट माझ्याच दुकानातून गेलंय. भिकूकाका वारल्यावर त्यांची बायको सीताकाकी तिथं एकटी राहायची आणि झकास राहायची. मग गुडघा गेला. मुलगा महेंद्र बदलापूरला असतो, बँकेत आहे. तो येऊन आईला घेऊन गेला आणि ऑपरेशन करवलं. आता काकी बदलापूरला चौथ्या मजल्यावर, हातात काठी.

काकीचं एकच म्हणणं होतं. मला माझ्या घरी ने. महेंद्र काही वाईट मुलगा नाही. तो म्हणाला, "आई, थंडी सरू दे. बुद्धपौर्णिमेला नेतो. तिथंच राहा, आम्ही येऊन जाऊन करू." तोवर म्हणून त्याची बायको रेणुका हिनं आपला जुना फोन काकीला दिला आणि त्यात घराचा फोल्डर उघडून ठेवला. काकी दिवसभर तेच बघत बसायची. कधी मला फोन यायचा, "गुरुभाऊ, पडवीत जाळं धरलंय, कुंचा फिरव." माझं नाव गुरुप्रसाद, पण गुरुभाऊ म्हणणारी काकी एकटीच. बाकी सगळ्यांचा मी शेठ.

म्हणजे मला पौर्णिमेपर्यंत घर राहण्याजोगं करून काकीच्या हाती द्यायचं होतं. पंप बदलायचा, न्हाणीत धरायला दांडा बसवायचा. म्हातारं माणूस परत आपल्या घरी राहायला येणार, ही आमच्याकडे रोज घडणारी गोष्ट नाही. उलटी घडते. त्यामुळे मी मनावर घेतलं होतं.

३

पहिली चूक दिसली ती माघाच्या सुमाराला. गमऱ्यांचे फोटो चढवताना नेट गेलं. सकाळी दुकान उघडल्यावर खात्रीसाठी पुन्हा तालीम घेतली. सगळे फोटो आदल्या दिवशीच वर पोचलेले निघाले, पण एक ओळ आली: स्वयंपाकघर, वेगळं आहे, बदलावं लागेल.

मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले. इथला आणि तिथला. फोटो तोच. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा तोच, ओट्यावरच्या फरशीचा तडा तोच. फरक एवढाच की इथल्या फोटोत कळशी उपडी होती आणि तिथल्या फोटोत सुलटी, वर झाकणाला वाटी.

घर बंद करताना आमच्याकडे भांडी उपडी घालतात. ती कळशी माझ्या देखत उपडी होती. महेंद्रला फोन लावला.

"महेंद्र, फोल्डरला हात कुणी लावला? तुमच्याकडनं काही बदललं गेलंय का?"

"कसं बदलणार शेठ? तुम्ही आम्हाला नुसतं बघायचं दिलंय. साधं नाव बदलू म्हटलं तर लाल अक्षरं येतात." हसून म्हणाला, "तुमच्यासारखा हुशार माणूस चावी देतो काय कुणाला?"

बरोबर होतं त्याचं. मी मनाशी म्हटलं, फोन हल्ली स्वतःच्या डोक्यानं फोटो सुधारतात, काळा माणूस गोरा करतात, कळशी सुलटी केली असेल. खरी फेरी दिली. तिथली कळशी उपडी झाली. विषय संपला.

पुढच्या महिन्यात मी मुद्दाम, काहीही न बदलता, मधेच तालीम घेतली. आता ओळी जास्त आल्या. कळशी सुलटी होतीच. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. हॉलमधल्या तसबिरींना अबोलीचा हार होता. आणि हॉलच्या टोकाला दिसणारं मागच्या खोलीचं दार, जे मी कडीला दोरी बांधून बंद ठेवत असे, ते वितभर उघडं होतं.

मी पुन्हा फेरी दिली. सगळं जागेवर गेलं. हार गेला, खिडकी मिटली, दार मिटलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी एंटर दाबताना मला दार ओढून लावल्यासारखं वाटलं. हाताला जोर लागल्यासारखा.

४

दुसऱ्या दिवशी काकीचा फोन. आवाज रागाचा.

"गुरुभाऊ, कशाला रे सगळं मोडून ठेवतोस? तिनं चांगलं पाणी भरून ठेवलंन, तू आपला कळशी उपडी घालतोस."

"कोणी भरलं काकी?"

"घरातल्या बाईनं."

"घरात बाई नाय कोणी. चावी माझ्याकडे आहे."

"चावी तुझ्याकडं हाय आन् घरात कोण हाय ते तुला ठावं नाय? बरा राखणदार!" आणि काकी खूप हसली. तिचं हसणं खोकल्यात जाऊन थांबायचं.

मग रेणुकानं फोन घेतला आणि बाजूला जाऊन बोलली. "शेठ, मनावर घेऊ नका. पण एक बरं झालंय की वाईट, कळत नाही. आई आता गावाला न्या म्हणत नाहीत. म्हणतात, मी कशाला जाऊ, घरात माणूस आहे. जेवण निम्म्यावर आलंय. फोन हातात धरून बसतात आणि हळूच काहीतरी सांगत राहतात. कणगीतलं भात उन्हात घाल, तुळईखाली मुंग्या आहेत बघ, असलं."

"फोन काढून घ्या," मी म्हटलं.

"घेतला होता. दिवसभर पाणीही प्यायल्या नाहीत."

मी गमऱ्यांच्या घरी जाऊन आलो. कुलपावर धूळ. आत सगळं मी ठेवलं तसं. कळशी उपडी आणि कोरडी, आत कोळ्याचं जाळं. मागच्या खोलीची दोरी माझ्याच गाठीची. तिथं एक बाज, काकीच्या गोधड्यांची पेटी आणि न्हाणीत उघडणारं दार, बस. मी बाजेवर बसून बघितलं. बंद घराला आवाज असतात. स्लॅब तापला की टकटकतो, उंदीर कौलांच्या ढिगात फिरतात. मला ते सगळे आवाज ओळखीचे आहेत. त्या दिवशी ते नव्हते. घर एखादं माणूस दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघतं तसं गप्प होतं.

५

एप्रिलमध्ये माझ्या जुन्या लॅपटॉपनं मान टाकली. खाऱ्या हवेनं बटणं गंजली. नवा आणला. जुन्यावर बाणाचं बटण दाबलं की आधीची ओळ आपोआप यायची. नव्यावर ती हातानं टाइप करणं आलं.

एप्रिल म्हणजे आमच्याकडे आंब्याच्या पेट्यांचा महिना. गिऱ्हाइकांच्या पेट्या माझ्याच दुकानातून मुंबईच्या गाड्यांवर चढतात आणि पेट्यांवर पत्ते मी स्वतः घालतो, माझं अक्षर टपोरं आहे म्हणून. पेटीवर आधी लिहायचं, कुणाला. त्याच्याखाली बारीक अक्षरात, कुणाकडून. त्या सकाळी किती पेट्या लिहिल्या असतील देव जाणे. दुपारी तसाच उठून लॅपटॉपपाशी बसलो. गमऱ्यांचे नवे फोटो आदल्या सकाळी काढून आणले होते. कमांड टाइप केली. आणि हातानं पेटीवर लिहितात तसंच लिहिलं. आधी कुठे, मग कुठून.

तालीम घेतली. पडवी, हॉल, स्वयंपाकघर, मागची खोली. नावं दोन्हीकडे तीच असल्यामुळे ओळी नेहमीसारख्याच दिसल्या. समोर गिऱ्हाईक बिजागऱ्यांचा भाव करत होतं. मी एंटर दाबलं.

फेरी सुरेख झाली, कुठं अडखळली नाही. मग मी पडद्याकडे नीट बघितलं आणि कळलं. इथलं तिथं गेलं नव्हतं. तिथलं इथं आलं होतं, आणि मी काढून आणलेल्या फोटोंवर बसलं होतं.

फोटो उघडले. पडवी सारवल्यासारखी स्वच्छ, दाराशी बाईच्या चपला, टोकं आतल्या बाजूला. हॉलमध्ये हार ताजा. स्वयंपाकघरात खिडकी सताड उघडी आणि उन्हाच्या पट्ट्यात धूर. कोन माझाच. उजवा खांदा चौकटीला टेकवलेला माणूस जे बघेल ते. उजेडही मी गेलो होतो त्या सकाळचा. म्हणजे हे सगळं असं होतं तेव्हा त्या दारात मी उभा होतो.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. बाजेवर कोणीतरी पाठमोरं बसलेलं. पांढरा अंबाडा, खांद्यावरून घट्ट ओढलेला पदर, आणि बाजेला टेकवलेली काठी.

बिजागऱ्यांच्या गिऱ्हाइकाला त्यानं मागितलेल्या भावात त्या देऊन टाकल्या. म्हणाला, "शेठ, बरं वाटत नाय काय?"

६

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. एकटा जायला नको म्हणून कुंपणापलीकडच्या विमलावहिनींना हाक मारली. त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत, घाईत निघाल्या होत्या.

"शेठ, आत्या कधी आली ओ? सांगितलंपण नाय कोणी."

"कोण आत्या?"

"सीताआत्या. दुसरी कोण? कालपासनं खोकताना ऐकतंय. म्हटलं संध्याकाळी चटणी घेऊन जाईन. मंडळी गाडीनं आली काय?"

मी म्हटलं, नाही, रंगकाम आहे, रंगारी खोकत असेल. वहिनींनी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या चावीकडे बघितलं, आणि चालू पडल्या.

कुलूप बंद होतं. उघडलं. पडवी झाडलेली. मी नेहमीसारखी हाक दिली, "कोण आहे काय घरात?" ही सवय आहे, जनावर असलं तर सरकावं म्हणून. स्वयंपाकघरात कळशी सुलटी, वर वाटी. वाटी उचलली. पाणी काठोकाठ होतं, आणि विहिरीतून आत्ता काढल्यासारखं गार. नळ तपासून झाले की त्या घराचं पाणी मी बंद करून जातो.

डुप्लिकेट चावी, मी स्वतःला सांगितलं. कोणीतरी भुरटं बाईमाणूस आसऱ्याला आलंय. असं होतं. नाटे गावात एका घरात मच्छीमार पावसाळाभर राहून गेले होते, जाताना भांडी घासून ठेवून गेले. मागच्या खोलीकडे वळलो. दोरी सोडून कडीवर नीट गुंडाळून ठेवली होती. दार वितभर उघडं. फटीतून बाजेची कड आणि काठीचं टोक दिसत होतं. मी तिथंच उभा राहिलो. आतून बाज वाजली. कोणी उठलं नाही. बसल्या जागी माणूस मान वळवून मागे बघतं, तेव्हा बाज वाजते तेवढीच.

अंगणात येऊन रेणुकाला फोन लावला.

"मीच करणार होते शेठ," ती म्हणाली. "आई काल दुपारपासनं झोपल्यात. उठवलं की डोळे उघडतात, पण बघत नाहीत. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, सलाइन लावू."

काल दुपार म्हणजे माझी फेरी झाली तेव्हा.

मी परत आत गेलो. कळशी उपडी केली, हार काढला, खिडकी लावली, पडवी, हॉल, स्वयंपाकघर यांचे फोटो काढले. मागच्या खोलीचा काढला नाही. कुलूप घातलं आणि दुकानात आलो. लॅपटॉपवरून मागच्या खोलीचा तो फोटो पुसला. या वेळी ओळ अक्षर न् अक्षर तपासून लिहिली. आधी इथलं, मग तिथलं. तालीम घेतली.

तीन ओळी आल्या की हे बदलेल. चौथी ओळ: मागची खोली, इथे नाही, तिथून पुसली जाईल.

बोट एंटरवर होतं. फोन वाजला. रेणुका.

"शेठ, आई उठल्या! आत्ता. एकच वाक्य बोलल्या आणि परत झोपल्या. तुमच्यासाठी निरोप आहे, मला काही कळला नाही."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, गुरुभाऊला सांग, मी मागल्या खोलीत हाय, पुसू नको."

मी काळी खिडकी बंद केली. लॅपटॉपचं झाकणही लावलं. थोड्या वेळानं महेंद्रला फोन करून म्हटलं, "पौर्णिमेची वाट बघू नका. सलाइन उतरलं की गाडी करा आणि काकीला घेऊन या."

"अशा अवस्थेत?"

"अशाच अवस्थेत."

माझा विचार दुकानदाराचा होता. एकच माल दोन गोदामांत दिसत असेल तर कागदावर भांडत बसू नये. दोन्हीकडचा माल एका छपराखाली आणावा आणि बघावं.

७

गाडी आली तेव्हा काकी मागच्या सीटवर उशांमध्ये टेकून होती. डोळे मिटलेले, हात रेणुकाच्या हातात. महेंद्र आणि मी खुर्ची आणायला निघालो. इतक्यात काकीनं डोळे उघडले आणि घराकडे बघितलं. मग स्वतःच पाय खाली टाकले.

"आई, थांब गो!" महेंद्र धावला.

"सोड. माझं घर हाय." काठी टेकत ती पायऱ्या चढली. पडवीत थांबली, भिंतीला हात लावला. माझ्याकडे वळून म्हणाली, "गुरुभाऊ, चांगलं राखलंस हो." डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं असेल, कोणी बघितलं नाही. मग ती हॉलमध्ये तसबिरींपुढे वाकली आणि मागच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

"पडू दे जरा," रेणुका म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

महेंद्र आणि मी पडवीत बसलो. तो खूश होता. मुलाचं ओझं उतरलेलं तोंडावर दिसतं. म्हणाला, "शेठ, तुम्ही बोललात म्हणून आणली. नाहीतर मी घाबरलो होतो." चहा आला. तेवढ्यात काकी आत खोकली. तो खोकला संपायच्या आत दुसरा सुरू झाला. तसाच, त्याच आवाजात, पहिल्याच्या अंगावर अंग टाकून. दोन्ही एकदम थांबले.

महेंद्रची बशी हातात तशीच राहिली. "घुमतो आवाज," तो म्हणाला.

"चिऱ्याचं घर आहे. घुमणारच," मी म्हटलं.

दार उघडलं. काकी बाहेर आली आणि आपल्या मागे दार लोटून घेतलं. काठी हातात नव्हती. तरतरीत चालत स्वयंपाकघरात गेली, कळशी सुलटी केली आणि रेणुकाला म्हणाली, "सर बाजूला. भात मी लावते." रेणुका रडायलाच लागली आनंदानं. महेंद्र आईच्या मागे मागे फिरू लागला, तिचा गुडघा बघा म्हणून मला बोलवू लागला.

काकी माझ्याकडे बघून हसली. "गुरूशेठ, जेवून जावा."

मी दुकानाचं कारण सांगून निघालो.

८

पौर्णिमा झाली. महेंद्र आणि रेणुका आईला सोडून बदलापूरला गेले. रोज व्हिडिओ कॉल करतात. महेंद्र म्हणाला, "आता फोटो नकोत शेठ, आई स्वतःच दाखवते घर. तो फोल्डर काढून टाका." मी हो म्हटलं. काढलेला नाही. कुठल्याच बाजूला फेरी दिलेली नाही, तालीमसुद्धा नाही. काकी घरी राहते, तब्येत ठणठणीत, विमलावहिनी म्हणतात पन्नाशीतली वाटते. तक्रार कुणाची नाही. असं असताना मी कुणाला काय सांगणार?

परवा ती वडापच्या जीपनं दुकानात आली. चढावर गाडी सोडून चालत. म्हणाली, "गुरूशेठ, एक कडी द्या. जाड, लोखंडी."

"कुठल्या दाराला?"

"मागच्या खोलीच्या. बाहेरून लावायची."

"आधीची आहे ना?"

"ती दोरीची. निसटते."

मी कडी काढली. कडी बसवून द्यायला माणूस पाठवायची माझी पद्धत नाही, मीच जातो. गेलो. दुपारची वेळ होती, स्लॅब तापलेला, पण टकटक नव्हती. ड्रिल हातात घेऊन मी त्या दारासमोर बसलो. दाराला फट होती, आत अंधार.

"काकी, आत कोण आहे?"

"कोण असणार?" ती माझ्या पाठीशी उभी होती. "मीच होते आत. आता बाहेर हाय. करा तुमचं काम."

भोकं पाडली. कडी चौकटीवर धरली, पण दार फुगलं होतं, कडी कोयंड्याला पोचत नव्हती. बोटभर कमी पडत होती. मी दार आत दाबलं, हललं नाही. पुन्हा दाबणार, इतक्यात फटीतून आतल्या बाजूनं बोटं आली. म्हाताऱ्या बाईची, सांधे सुजलेली, बोटांच्या मुळाशी सलाइनच्या चिकटपट्टीचा मळ. त्यांनी दाराची कड धरली. मला वाटलं, बाहेर ढकलणार. मी मागे सरलो.

ढकललं नाही. आतल्या माणसानं दार सावकाश स्वतःकडे ओढून घेतलं, नीट, गच्च, आणि कडी बसेपर्यंत तसंच धरून ठेवलं.